बोतियो शिजवताना या चुका टाळा

सॉसेज समजून बोतियो तव्यावर टाकलात तर तो कच्चाच राहणार. स्पेनच्या वायव्येला, लेओन प्रांतातल्या बिएर्सो या डोंगरांनी वेढलेल्या भागातला हा पदार्थ म्हणजे हाडांसकट कापलेल्या डुकराच्या मांसाची फुगीर पोटली. आत निदान 65 टक्के बरगड्या आणि 10 टक्के शेपटी असावी लागते, उरलेल्यात जीभ, गाल, खांदा. मीठ, लसूण आणि पिमेंतोन म्हणजे स्पेनची लाल मिरचीपूड लावून हे सगळं मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत भरतात, ओकच्या लाकडाच्या धुरावर धरतात आणि थोडं सुकवतात. पण सुकणं अर्धवटच असतं. त्यामुळे सलामीसारखे काप करून कच्चा खाणं ही चूक नव्हे, धोका आहे.

गोव्याच्या चोरीसाची, म्हणजे तिथल्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, सवय असलेल्यांची फसगत ठरलेली. चोरीसात व्हिनेगरचा आंबटपणा आणि मिरचीचा जोर असतो. बोतियोत दोन्ही नाहीत. तो झणझणीत व्हावा म्हणून वर तिखट घालणाऱ्याला मी काही सांगणार नाही, पण मग धुराची चव शोधत बसू नये.

सगळ्यात जास्त घोळ पातेल्यात होतो. उकळत्या पाण्यात टाकला की आवरण आकसतं आणि तडकतं. चरबी सुटावी म्हणून सुईने टोचला तर तीच भोकं मोठी होतात. बोतियो पातळ सुती फडक्यात सैल बांधा, थंड पाण्यात ठेवा आणि आच हळूहळू वाढवा. पाणी जेमतेम हललं पाहिजे, रटरटायला नको. किलोभराच्या बोतियोला दोन-अडीच तास लागतात. कुकरची शिटी ऐकल्याशिवाय चैन न पडणाऱ्यांनी इथे मन आवरावं.

तरीही फुटला? टाकून देऊ नका. मांस झाऱ्याने काढा आणि रस्सा गाळून घ्या, कारण त्यात हाडांच्या कपच्या असतात.

पाण्यात मीठ घालू नका, ते आतच भरपूर आहे. रस्सा खारट झाला तर अर्धा काढून साधं गरम पाणी घाला. बटाटे पहिल्यापासून टाकले तर त्यांचा लगदा होतो. मोठे तुकडे करून शेवटच्या अर्ध्या तासात टाका, सोबत कोबी. तवंग जास्त वाटला तर वरचा काढा, पण सगळा नको, बटाट्यांना चव त्यानेच येते. सोबतीला बिएर्सोचीच मेन्सिआ द्राक्षांची लाल वाइन.

घरी बनवायचा मोह होत असेल तर हवामान आधी बघा. बिएर्सोत डुकरांची कत्तल परंपरेने थंडीत, साधारण 11 नोव्हेंबरच्या सान मार्तिनच्या सणापासून सुरू होते. गारठ्यात मांस सावकाश सुकतं. मुंबई-पणजीच्या दमट उन्हाळ्यात आतड्यात भरलेलं कच्चं मांस टांगलं, तर बॉट्युलिझमसारखी विषबाधा होऊ शकते, आणि धूर दिल्याने ती भीती टळत नाही. युरोपात राहणाऱ्यांनी बनवण्यापेक्षा विकत घ्यावा. वेष्टनावर बिएर्सोच्या संरक्षित भौगोलिक निर्देशाची खूण पाहून. जमलं तर हिवाळ्यात बेंबिब्रे गाठा, तिथे बोतियोचा मोठा उत्सव भरतो.

उरलेलं मांस हाडं नीट काढून व्हाइट सॉसमध्ये मिसळा, गार झालं की गोळे वळा आणि तळा. घाई करून गरम असतानाच वळायला गेलात तर कढईत उलगडतील.