लोणारच्या सहलीआधी वर्गात करून घ्यायची तयारी

'लोणार सरोवराचं चित्र काढा' म्हटलं की बहुतेक मुलं विहीर काढतात. उभ्या भिंती, तळाशी पाणी, वरून येणारा पेटता गोळा. पाचवी ते आठवीच्या मुलांकडून असं चित्र आधी काढून घ्या आणि जपून ठेवा. सहलीपर्यंतच्या दोन आठवड्यांत हेच चित्र दुरुस्त करायचं आहे.

सुरुवात मापाने करा. अशनी (अवकाशातून आलेला दगड) आदळून पडलेल्या या विवराचा व्यास साधारण 1.8 किमी, पाण्याचा सुमारे 1.2 किमी, आणि काठापासून पाण्यापर्यंतची खोली साधारण 137 मीटर. मैदानावर 1 किमीला 1 मीटर असं प्रमाण धरा. 90 सेमी दोरीने फक्कीचं वर्तुळ काढा, त्याच मध्यातून 60 सेमी दोरीने दुसरं. आता विचारा, या मापात खड्डा किती खोल? कुणी गुडघ्याएवढा म्हणेल, कुणी कमरेएवढा. मग पट्टी उभी धरून 14 सेमी दाखवा. स्वयंपाकघरातली 40 सेमीची परात, जिचा काठ जेमतेम 3 सेमी उंच, ती लोणारच्या आकाराच्या अगदी जवळ जाते. परात एकदा वर्गात फिरवली की विहीर डोक्यातून जाते.

आता परातीपेक्षा खोल घमेल्यात आघाताचा प्रयोग करा. चाळलेली, उन्हात वाळवलेली वाळू 5 सेमी थर, त्यावर चहाच्या गाळणीने भुरभुरवलेला पांढऱ्या रांगोळीचा पातळ थर. गोटी 50 सेमी, 1 मीटर आणि 2 मीटर उंचीवरून सोडायची, फेकायची नाही. प्रत्येक उंचीवरून तीनदा, दर वेळी खड्ड्याचा व्यास मोजून सरासरी काढायची. खालची काळपट वाळू रांगोळीवर उडून पडते. लोणारच्या काठाबाहेरही खालचा दगड असाच वर येऊन पसरला आहे. वाळू दमट असेल तर खड्डा पडतो पण काही उडत नाही. थर पातळ असेल तर गोटी पत्र्याला लागून उसळते आणि माप बिघडतं.

प्रयोगात दोन गोष्टी खोट्या ठरतात, त्या मुलांना स्वच्छ सांगा. गोटी खड्ड्यात उरते. अशनी तसा उरत नाही. सेकंदाला कित्येक किमी वेगाने आदळल्यावर तो स्वतःच फुटतो, वितळतो, त्याची वाफ होते. दुसरं, गोटी फार तिरकी मारली तर खड्डा लांबट होतो. खरा अशनी तिरका आला तरी विवर सहसा गोलच पडतं, कारण ते स्फोटाने पडतं. हे न सांगितल्यास काठावरचा प्रत्येक काळा दगड 'अशनीचा तुकडा' म्हणून खिशात जातो. तो आपला दख्खनचा बेसाल्टच (लाव्हा थिजून झालेला काळा दगड) असतो. 'बेसाल्टमधलं जगातलं एकमेव विवर' हेही पाठ करून घेऊ नका. ब्राझीलमध्येही अशी विवरं आहेत.

वयाबद्दल पुस्तकांत 50-52 हजार वर्षं आणि 5 लाख 70 हजार वर्षं असे दोन आकडे सापडतात. पहिला उष्मादीप्ती पद्धतीचा (दगड तापवल्यावर निघणारा उजेड मोजून), दुसरा आर्गॉन पद्धतीने (दगडातल्या आर्गॉन वायूवरून) काढलेला, नंतरचा. एकच 'बरोबर' म्हणून न देता कागदाची पट्टी करा, 1 मिमी म्हणजे 10 हजार वर्षं. बेसाल्टचं वय साडेसहा कोटी, म्हणजे पट्टी साडेसहा मीटर. तिच्या टोकाशी एक खूण 5 मिमीवर, दुसरी 57 मिमीवर. कोणताही आकडा घ्या, दगड फार जुना आणि खड्डा नवा, हे पोरांना दिसतं.

आता पाणी. तळ्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप, 7 च्या वर म्हणजे अल्कधर्मी) 10 च्या आसपास आहे. अल्कधर्मी पाणी ओळखायला हळदीचा कागद करा. अर्धा कप सर्जिकल स्पिरिटमध्ये चमचाभर हळद ढवळा, गाळणकागद बुडवून सावलीत वाळवा. हे शिक्षकांनीच करावं, जवळ ज्योत नको. पाण्यात हळद नीट विरघळत नाही, कागदावर ठिपके पडतात, म्हणून स्पिरिट. मग लिंबूपाणी, नळाचं पाणी, पाण्यात विरघळवलेला खायचा सोडा आणि तसाच धुण्याचा सोडा, प्रत्येकाचा एकेक थेंब. लिंबाने आणि नळाच्या पाण्याने रंग पिवळाच राहतो, खायच्या सोड्याने जेमतेम बदलतो, धुण्याच्या सोड्याने कागद लाल होतो. हळद-चुन्याचं कुंकू होतं ते याच गुणामुळे. ही ओळख पटली की धडा पाठ करावा लागत नाही. लोणारचं पाणी या दोन सोड्यांच्या मध्ये कुठेतरी बसतं, पण हळद आकडा सांगत नाही. त्यासाठी 1 ते 14 च्या पीएच पट्ट्या आणा. धुण्याचा सोडा हाताळताना डोळे चोळू देऊ नका.

धार नावाच्या झऱ्याचं गोड पाणी बारमाही तळ्यात येतं, तरी तळं खारट का? हा प्रश्न मुलांना आठवडाभर सोडवू द्या. खिडकीत एक पसरट काचेची बशी ठेवा, रोज 20 मिली पाण्यात चिमूटभर मीठ विरघळवून घाला, ओतून काही देऊ नका. सहाव्या-सातव्या दिवशी कडेला पांढरी रेघ धरते. लोणारलाही पाणी बाहेर जायला वाट नाही. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. लवणासुर राक्षसाची आणि त्याला मारणाऱ्या दैत्यसूदनाची (विष्णूची) कथा याच वेळी सांगा. कथेतही लवण आहे, ही नोंद मुलं स्वतःच करतात.

गुलाबी तळं दाखवायचं कबूल करू नका. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झालं ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. एरवी ते शेवाळाने हिरवं दिसतं, आणि कुजक्या अंड्यासारखा वासही येतो, हे आधीच सांगून ठेवा.

हा परिसर अभयारण्य आहे, 2020 पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). त्यामुळे दगड, पानं, पाणी काहीही आणायचं नाही. पाणी तपासायचं तर वन विभागाकडे आधी विचारा आणि काठच्या चिखलात फक्त शिक्षकांनी जावं. पातळी पावसाप्रमाणे वर-खाली होते, तळ्याकाठच्या कमळजा देवीच्या मंदिराकडची वाट खुली आहे का तेही तेव्हाच विचारून घ्या. चढताना दमणूक होते: माणशी दीड लिटर पाणी, टोपी, पट्टा असलेली पादत्राणं, आठ-दहा मुलांमागे एक मोठं माणूस. निघायची वेळ सकाळचीच ठेवा.

आधी काढलेली विहिरीची चित्रं सोबत न्या. काठावर उभं राहून प्रत्येकाने आपल्या चित्रावर पेन्सिलीने खरा आकार काढायचा.