ईएसपी३२-कॅम सारखा रीस्टार्ट होतोय? आधी वीजपुरवठा तपासा

प्रोग्रॅम नीट अपलोड होतो, पण वायफाय जोडायची वेळ आली की ईएसपी३२-कॅम (वायफाय आणि कॅमेरा असलेला छोटा बोर्ड) बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि पुन्हा तेच. अशा वेळी बरेच जण कोड उलटापालटा करत बसतात. बहुतेकदा कोडचा काहीच दोष नसतो; बोर्डला पुरेसा करंट मिळत नसतो.

खात्री करून घ्यायला सिरियल मॉनिटर (बोर्डने पाठवलेले संदेश संगणकावर दाखवणारी खिडकी) १,१५,२०० बॉड रेटवर, म्हणजे त्या वेगावर, उघडा. ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’ असा संदेश दिसला, तर व्होल्टेज घसरल्यामुळे चिपने स्वतःच रीसेट घेतला आहे.

आता वीज कुठल्या पिनला दिली आहे ते बघा. ती ५ व्होल्टच्या पिनलाच द्या. बोर्डवरचा एएमएस१११७ रेग्युलेटर त्यातून ३.३ व्होल्ट तयार करतो, पण त्याला वर साधारण १.१ व्होल्ट शिल्लक लागतात. म्हणजे पिनवर ४.४ व्होल्टच्या आसपास आलात की चिपचा पुरवठाही डळमळतो. यूएसबी-सिरियल प्रोग्रॅमरच्या (संगणकातून बोर्डवर कोड टाकणारा छोटा अडॅप्टर) ३.३ व्होल्ट पिनवर बोर्ड चालवू नका. अशा प्रोग्रॅमरमधल्या एफटी२३२आर चिपची ती पिन जेमतेम ५० मिलिअँपिअर देते. इथे बोर्डवरचा फ्लॅशचा दिवा पूर्ण तेजाने लावला तर बोर्डच ३०० मिलिअँपिअरच्या पुढे जातो, आणि वायफायचे क्षणिक झटके वेगळेच. ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चांगला चार्जर घ्या. प्रोग्रॅमर वेगळा जोडलेला असेल तर दोघांचे ग्राउंड एकत्र हवेत.

चार्जर चांगला असूनही अडचण राहिली, तर वायर तपासा. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच. बोर्ड स्ट्रीमिंग करत असताना मल्टिमीटरचे प्रोब चार्जरच्या टोकाला न लावता थेट बोर्डच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंड पिनवर टेकवा. ४.९ दिसले तर उत्तम. ४.५ दिसले तर वाटेतच गळती आहे: लांब, बारीक यूएसबी केबल, सैल जंपर वायर, झिजलेला ब्रेडबोर्ड. या सगळ्यांचा मिळून रोध फक्त १ ओहम असला, तरी अर्ध्या अँपिअरला अर्धा व्होल्ट तिथेच जातो. केबल आखूड आणि जाड घ्या, ब्रेडबोर्ड टाळून वायर सरळ सोल्डर करा.

मीटरवर आकडा ठीक दिसतो, तरी रीसेट होतोच? काही मिलिसेकंदांची घसरण साध्या मीटरला दिसत नाही. ५ व्होल्ट आणि ग्राउंड पिनच्या अगदी लगत ४७० मायक्रोफॅरडचा, किमान १० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावा. त्याच्या अंगावर पट्टी असलेली बाजू ग्राउंडला. उलटा लावला तर तो फुटू शकतो, म्हणून वीज देण्याआधी पुन्हा एकदा बघा.

ब्राउनआउट डिटेक्टर कोडमधूनच बंद करण्याची एक ओळ सर्रास सुचवली जाते. ती वापरू नका. संदेश गायब होतो, व्होल्टेज मात्र घसरतच राहतं. मग चित्रावर रेघा येतात, बोर्ड मध्येच गोठतो, मेमरी कार्डावरची फाइल अर्धवट लिहिली जाते.

पिनवर व्होल्टेज स्थिर आहे, ब्राउनआउटचा संदेशही नाही, आणि तरी कॅमेरा सुरू होत नाही असं असेल तर वीज बंद करून कॅमेऱ्याची रिबन केबल बघा. सॉकेटची काळी पट्टी नखाने हलकेच उचला, केबल सरळ आत सरकवा आणि पट्टी पुन्हा दाबा. ती पट्टी नाजूक असते, जोर लावू नका.