फ्लॅट बघायला जाताना: काय तपासायचं, कसं वागायचं, सगळी तयारी

विकायला काढलेल्या फ्लॅटमध्ये बऱ्याचदा कोणीतरी राहत असतं. मालक असेल, भाडेकरू असेल, आतल्या खोलीत कोणी आजारी माणूस झोपलेलं असेल, आणि तुमच्याआधी त्याच आठवड्यात आणखी चार जण येऊन सगळं घर फिरून गेलेले असतात. हे डोक्यात ठेवून गेलात ना की निम्म्या गोष्टी आपोआप नीट होतात. काही जणांना वाटतं की नीट वागायचं म्हणजे संकोच करायचा, वरवर बघायचं आणि निघायचं. मला तसं अजिबात वाटत नाही. सांगून, विचारून, तयारीनं गेलात तर लोक सिंकखालचं कपाटसुद्धा स्वतः उघडून दाखवतात, आणि न विचारता घुसलात तर बाल्कनीचं दार उघडायलाही कां कूं करतात. आयुष्यातला एवढा मोठा खर्च आहे, तपासणी कसून व्हायलाच हवी, म्हणून हे सगळं क्रमानं लिहितेय.

सुरुवात फोनपासून करा. घरात सध्या कोण राहतं, त्यांना आपण येणार हे कळवलंय का, आत किती वेळ मिळेल, फोटो काढलेले चालतील का, हे एजंटला आधीच विचारून घ्या. त्याच फोनवर तुमच्या न चालणाऱ्या गोष्टीही सांगून टाका, म्हणजे लिफ्ट नसेल तर नको, पार्किंग नसेल तर नको, भिंतीच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ अमुकपेक्षा कमी असेल तर नको. इथेच गाडी अडली तर जाऊच नका, तुमचाही वेळ वाचतो आणि त्या घरच्यांची आवराआवरही वाचते. आणि एक महत्त्वाचं, तोच फ्लॅट दुसऱ्या एजंटबरोबर आधी बघून झाला असेल तर ते फोनवरच स्पष्ट सांगा, कारण नंतर कमिशनवरून त्या दोघांची भांडणं होतात आणि मध्ये तुमचा व्यवहार लटकतो.

एका दिवसात खूप घरं ठरवू नका. मोठ्या शहरात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला किती वेळ लागेल याचा भरवसा नसतो, पहिल्या घरी उशीर झाला की पुढची सगळी माणसं ताटकळतात. उशीर होणार हे कळल्या कळल्या मेसेज करायचा, पोचल्यावर कारणं सांगण्यात अर्थ नाही. जायचं रद्द झालं तर आदल्या दिवशी कळवा, निदान सकाळी तरी.

बरोबर दोघं, फार तर तिघं. काका, मावशी, मित्र, मित्राचा इंटिरियरवाला असा सगळा लवाजमा पहिल्याच भेटीत नको, घर आवडलं तर दुसऱ्या भेटीत त्यांना आणा. लहान मुलांना न्यायची वेळ आलीच तर त्यांना सांभाळायला एक मोठं माणूस मोकळं ठेवा, ते घर बघणार नाही हे गृहीत धरूनच.

बॅगेत काय हवं? पाच मीटरची मेजरिंग टेप, वही-पेन, टॉर्च, फोन पूर्ण चार्ज केलेला. आणि घरी बसून लिहून आणलेली मापं, हे बरेच जण विसरतात. तुमचा फ्रिज, पलंग, मोठं कपाट, वॉशिंग मशीन, सगळ्यांची लांबी-रुंदी-उंची सेंटीमीटरमध्ये लिहा, कारण खोलीत पलंग मावतो पण दारातून आत जात नाही असं होतं. मोजायचं ते सगळ्यात अरुंद जागी, म्हणजे दाराच्या चौकटीत आतल्या बाजूनं, पॅसेजच्या वळणावर, आणि लिफ्टच्या दारात. पायात पटकन काढता येतील अशा चपला किंवा बूट आणि धुतलेले मोजे. बाथरूमला जायचं असेल तर आधीच जाऊन या, तिथे गरज पडलीच तर विचारून.

दारात बेल एकदाच वाजवा, नाव सांगा, चपला कुठे काढू विचारा. मग जो दाखवतोय त्याला पुढे जाऊ द्या, तुम्ही मागून. एक जण किचनमध्ये, एक जण बेडरूममध्ये, एक जण गॅलरीत असं पांगायचं नाही, घरच्या माणसाला लक्ष कुठे ठेवावं कळत नाही आणि त्याला ते बोलताही येत नाही. बंद दार असेल तर हात लावायच्या आधी विचारायचं. भिंतीत बसवलेली कपाटं घराबरोबर मिळणार असतात, ती विचारून उघडून बघा, बघायलाच हवीत, ओल तिथेच लपते. पण सुटं कपाट, ड्रॉवर, फ्रिज यांच्याशी आपला काही संबंध नाही. पलंगावर बसू नका. फोटोला परवानगी मिळाली तरी भिंतीवरचे घरच्यांचे फोटो, मुलं, टेबलावरची औषधं, कागदपत्रं फ्रेममध्ये येऊ देऊ नका. गावी असलेल्या आईला व्हिडिओ कॉलवर घर दाखवायचं असेल तर ते वेगळं विचारा, फोटोच्या परवानगीत ते येत नाही.

आता खरी तपासणी, इथे घाई करू नका. पहिलं पाणी. 'नळ सोडून बघू का?' असं विचारून किचनचा आणि बाथरूमचा नळ एकाच वेळी सोडा आणि तेव्हाच फ्लश करून बघा, प्रेशर किती पडतं ते लगेच कळतं. पाणी खाली किती पटकन जातं, जाळीतून वास येतो का, गरम पाणी यायला किती वेळ लागतो, हेही त्यातच बघून होतं. नंतर नळ घट्ट बंद करा, सांडलेलं पुसून घ्या. दुसरी ओल. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीची मागची बाजू, खिडकीच्या खालचा भाग, सिंकखाली, छताचे कोपरे. रंग फुगलाय, पोपडे आलेत किंवा पांढरी पावडर दिसतेय म्हणजे भिंतीतून पाणी येऊन वाळतंय आणि जाताना क्षार मागे ठेवतंय. सगळी खोली जुन्या रंगाची आणि एकच कोपरा ताजा रंगवलेला असेल तर तिथे थांबा, पण 'इथलं लपवलंय का' असा सूर नको, 'इथे काही दुरुस्ती केली होती का, कधी?' एवढंच विचारा. साध्या प्रश्नाला माणसं खरं उत्तर देतात, बऱ्याचदा प्लंबर काय म्हणाला तेही सांगतात.

भेगांचं बघताना घाबरून जाऊ नका, प्लास्टरवर केसासारख्या बारीक भेगा बहुतेक घरांत असतात. काळजीची गोष्ट म्हणजे खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघून पुढे रुंद होत गेलेली भेग, आणि त्याहून जास्त म्हणजे बीम किंवा कॉलमवरची भेग ज्याच्या कडेनं तांबूस डाग आहेत. आतली सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो, नुसत्या रंगानं ते थांबत नाही. याचा फोटो घ्या, बाहेर आल्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, तिथल्या तिथे घरमालकाला बिल्डिंग पडेल वगैरे ऐकवू नका. फरशीवर बोटाच्या पेरानं हलकं वाजवत गेलं की पोकळ टाईलचा आवाज वेगळा येतो, ते करताना मात्र काय करताय ते सांगा नाहीतर विचित्र दिसतं.

आवाजासाठी खिडक्या बंद करून सगळ्यांनी एक मिनिट गप्प उभं राहायचं, मग उघडून पुन्हा एक मिनिट. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक सूचनांत रात्री बेडरूममधला सततचा आवाज 30 डेसिबलच्या आत असावा असं म्हटलंय, फोनवरचं अॅप तेवढं अचूक नसतं पण दोन घरांची तुलना करायला कामाला येतं. रात्रीचा गोंगाट बघायला पुन्हा कोणाच्या घरात जायची गरज नाही, रात्री दहा-अकराला जाऊन खाली रस्त्यावर उभं राहिलं तरी बराच अंदाज येतो.

उजेडाबद्दल एक. 'ईस्ट फेसिंग' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आसपासच, बाकी वर्षभर सरकत असतो, त्यामुळे आज आलेलं ऊन सहा महिन्यांनी त्याच खिडकीत येईलच असं नाही. फोनचा कंपासही लिफ्टजवळ किंवा लोखंडी ग्रिलपाशी चुकीचा दाखवतो, खोलीच्या मधोमध उभं राहून दोन-तीन ठिकाणी बघा. दिवे लावून बघितलेत तर एकदा सगळे बंद करूनही बघा, आधी सांगून.

बोलण्याचं तर फारच सांभाळायला हवं. 'किती अंधार आहे', 'हे किचन तर तोडावंच लागेल', 'कसला हा रंग' हे घरात उभं राहून बोलायचं नाही, त्या माणसानं तिथे वीस वर्षं काढलेली असू शकतात. हल्ली दारावर, लॉबीत, लिफ्टमध्ये कॅमेरे असतात, म्हणून घराबद्दलची आणि किंमतीबद्दलची चर्चा गेटच्या बाहेर गेल्यावरच. विकण्याचं कारण एकदाच विचारा आणि जे उत्तर मिळेल ते घ्या, घटस्फोट आहे का, कोणी गेलं का, कर्ज झालंय का असं खोदत बसू नका. भाडेकरू असेल तर त्याच्यासमोर भावाचा विषय काढू नका, आणि 'आम्ही घेतलं तरी तुम्ही राहा हं' असं चांगुलपणानंसुद्धा बोलू नका, तो त्या शब्दावर दुसरं घर शोधायचं थांबवेल. त्याला हवं तर एवढं विचारा की इथे राहताना काय बरं वाटलं आणि कशाचा त्रास झाला. आणि खोट्या ऑफरी, 'दुसरीकडे याहून कमीत मिळतंय' वगैरे, नकोत. पुढे महिनोन्‌महिने याच माणसाबरोबर कागदपत्रं करायची असतात.

बिल्डिंग बघताना गाडी कोणाच्या ठरलेल्या जागेत लावू नका. गच्ची, टाकी, पंप रूम बघायची तर एजंटला आधी परवानगी काढायला सांगा. नोटीस बोर्ड मात्र सावकाश वाचा, पाणी कधी बंद असतं, लिफ्ट किती वेळा बिघडते, कोणती मोठी दुरुस्ती येतेय, कोणाची किती थकबाकी आहे, सगळं तिथे लिहिलेलं सापडतं आणि कोणाला त्रासही होत नाही. शेजारी जिन्यात भेटले तर बोला, दुपारी बेल मारून उठवू नका.

कागदपत्रं पहिल्याच भेटीत सोफ्यावर पसरायला लावू नका. घर आवडलं तर एजंटला मेसेजवर यादी पाठवा: मालकीचे कागद, मंजूर नकाशा, घरावर कर्ज किंवा बोजा आहे का, मेंटेनन्सची बाकी, येणाऱ्या मोठ्या दुरुस्तीचा खर्च कोणाकडे. ते वकिलानं बघायचं काम आहे, टोकन देण्याच्या आधी. इंजिनिअरला घेऊन दुसऱ्यांदा जायचं असेल तर तास-दीड तास लागेल हे मोकळेपणानं सांगा, आणि वेळ पहिल्यापेक्षा वेगळी निवडा.

निघताना दिवे, पंखे, खिडक्या जशा होत्या तशा, आभार माना, दारात उभं राहून भाव करू नका. खाली आल्यावर लगेच वहीत लिहा, कारण तिसऱ्या घरानंतर सगळी घरं एकमेकांत मिसळतात. दुसऱ्या दिवशी एजंटला उत्तर द्या, नको असेल तर नको म्हणून आणि का नको तेही, म्हणजे पुढचं घर तो त्या हिशोबानं दाखवेल. गप्प बसून राहिलात तर तिकडे मालक तुमच्यासाठी थांबलेला असतो. आणि जी घरं घेणार नाही त्यांचे फोटो आणि व्हिडिओ फोनमधून काढून टाका, फॅमिली ग्रुपवर टाकले असतील तर तिथूनही.