तंबोरा कुरकुरायला लागला की

नौपाड्यात राहणारी माझी मावशी संध्याकाळी पाच मुलींना गाणं शिकवते. त्यातल्या दोघी ऑनलाइन असतात. तिचा जुना लॅपटॉप मीच लिनक्स मिंट 22 वर (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) नेला, त्यामुळे काही बिनसलं की फोन मलाच. "अगं, लॅपटॉपवरचा तंबोरा कुरकुरतोय. आणि मी वरचा सा लावला की मुली म्हणतात, फाटतोय." मी ऐरोलीहून निघताना तिला एवढंच सांगितलं, "मी येईपर्यंत कशाला हात लावू नकोस, नुसतं ऐकून ठेव."

'आवाज फाटतोय' या एका तक्रारीमागे चार-पाच वेगवेगळे बिघाड लपलेले असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. बरेच जण नेटवर सापडेल ती कमांड मारत सुटतात, मग मूळ बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला हेच कळेनासं होतं. आधी कान लावा. फक्त मोठ्या सुरावर फाटतो, की हळू आवाजातही टकटक येते? काहीच वाजत नसताना घूं ऐकू येतं? बिघाड तुम्हाला ऐकू येतोय की पलीकडच्याला? मावशीच्या बोलण्यातच दोन बिघाड होते: कुरकुर तिच्या बाजूला, फाटणं मुलींच्या बाजूला.

त्याआधी एक क्षुल्लक गोष्ट. हेडफोनची पिन पूर्ण आत आहे ना बघा. अर्धवट बसली तर सामाईक तार सुटते आणि कानात डाव्या-उजव्या आवाजातला फरक तेवढा उरतो. वाद्यं लांबून आल्यासारखी वाजतात, गायिका मात्र गायब! हा 'सॉफ्टवेअरचा बिघाड' मी आजवर तीनदा पिन दाबून दुरुस्त केलाय.

आता फाटणं. टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडून अल्सामिक्सर लिहा, सगळं एक शब्द, स्पेलिंग इंग्रजीत. एफ6 दाबून खरं साउंड कार्ड निवडा, नाहीतर वरवरची एकच पट्टी दिसते. एफ4 दाबलं की माइकची बाजू येते. मावशीकडे 'माइक बूस्ट', म्हणजे माइकचा सिग्नल वाढवणारी पट्टी, 30 डेसिबलवर होतं, म्हणजे सिग्नल साधारण 32 पट. कुजबुजणाऱ्यासाठी ठीक, पण अर्ध्या फुटावरून तार सप्तक लावणाऱ्या बाईसाठी नाही. मोजता येईल त्यापेक्षा मोठी लाट आली की कार्ड तिचा माथा सपाट कापतं, आणि कापलेला माथा नंतर कुठल्याही सेटिंगने परत येत नाही. बूस्ट 0 वर आणलं, कॅप्चर, म्हणजे आवाज आत घेण्याची पातळी, निम्म्याच्या थोडं वर ठेवलं आणि तिला सगळ्यात वरचा सूर लावायला सांगितलं. पातळी नेहमी सगळ्यात मोठ्या सुरावर ठरवायची, "हॅलो, हॅलो" म्हणून नाही. ऐकण्याच्या बाजूलाही हाच न्याय: आवाज शंभर टक्क्यांच्या वर नेऊ नका, कमी पडला तर स्पीकरचं बटण फिरवा. शेवटी अल्साकंट्रोलची स्टोअर कमांड सुडो (म्हणजे अॅडमिनची परवानगी) लावून चालवा (कमांडचं नाव एएलएसएसीटीएल), म्हणजे मांडणी जपून राहते.

कुरकुर मात्र वेगळी. आवाज लहान केला तरी ती तशीच होती. इथे तंबोरा फार कामाचा: गाण्यात लपणारी टकटक सलग सुरात लगेच उघडी पडते. तंबोरा नसेल तर स्पीकर-टेस्ट कमांडला साइन प्रकार द्या, 440 हर्ट्झचा सरळ सूर वाजतो. दुसऱ्या खिडकीत पीडब्ल्यू-टॉप चालवा, लिनक्समध्ये आवाज हाताळणाऱ्या पाइपवायर या प्रोग्रॅमची हालहवाल ते दाखवतं. त्यात ईआरआर नावाचा रकाना असतो. टक झालं की तिथला आकडा वाढला, तर चोर सापडला: बफर, म्हणजे वाजण्याआधी आवाज साठवायची जागा, रिकामा पडतोय. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसारखंच आहे हे. टाकी मोठी असेल तर पंप जरा उशिरा लागला तरी नळ चालू राहतो. बादलीएवढी असेल तर नळ फुरफुरतो. मावशीची 'टाकी' 128 नमुन्यांची (नमुना म्हणजे आवाजाचं एक मोजमाप) निघाली. सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या वेगाने ती जेमतेम पावणेतीन मिलिसेकंदांत संपते. मावसभावाने गिटार रेकॉर्ड करताना होम फोल्डरमधल्या पाइपवायरच्या कॉन्फिग फोल्डरात तशी फाइल लिहिली आणि स्वारी विसरून गेली. फाइल बाजूला काढली, लॉगआउट करून परत आले, क्वांट, म्हणजे टाकीचं माप, 1024 वर, म्हणजे 21 मिलिसेकंद. ईआरआरचा आकडा वाढायचा थांबला. फ्रीबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर असाल तर तिथे एचडब्ल्यू.एसएनडी.लेटन्सी हे सिसकंट्रोलचं (सिस्टीमच्या सेटिंगचं) मूल्य 0 ते 10 मध्ये असतं, ते वाढवून बघा.

सूरच चढा लागत असेल तर रेट, म्हणजे सेकंदाला किती नमुने, तो तपासा. 44,100 चं रेकॉर्डिंग 48,000 च्या वेगाने वाजलं तर काळी एकचा षड्ज पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधेच कुठेतरी जातो. हे सहसा हाताने लिहिलेल्या सेटिंगमुळे होतं, आणि गाणाऱ्या माणसाला यंत्राआधी कळतं. ब्लूटूथ हेडफोनवर कॉल लागताच आवाज जुन्या टेलिफोनसारखा झाला, तर हेडफोनचा माइक सोडून लॅपटॉपचा किंवा तारेचा माइक निवडा. आवाज सुरू होताना आणि थांबल्यावर फक्त एकदाच टक होत असेल, तर साउंड कार्ड चालवणाऱ्या एचडीए इंटेल ड्रायव्हरची पॉवर सेव्ह (वीज वाचवायची) सेटिंग 0 करा.

राहिलं ते घूं. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घूं गेलं तर लिनक्स निर्दोष, भानगड अर्थिंगची. लॅपटॉप आणि अॅम्प्लिफायर दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून बघा. अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी ना कुणी देतोच, आमच्याकडे तर इलेक्ट्रिशियननेच दिला. तो ऐकू नका, शॉक बसेल.

मुलींच्या बाजूला तंबोरा मधेच विरून जायचा, ते शेवटी सापडलं. कॉलच्या अॅपमधलं नॉइज सप्रेशन सलग सुराला पंख्याची घरघर समजून पुसत होतं. ते बंद केलं. आता मुलींना तंबोरा ऐकू येतो, आणि पंखाही.