बॅटरी वाचवायला प्रोसेसर निम्म्यावर आणताय? या चुका टाळा

विंडोज लॅपटॉपची बॅटरी पुरत नाही म्हणून प्रोसेसरचा वेग थेट निम्म्यावर आणणं, ही सर्रास होणारी चूक. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’. इथे ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ला ५० टाकलं की बॅटरी दुप्पट टिकेल, असं वाटतं. तसं होत नाही. स्क्रीन, वायफाय, रॅम यांना वीज तेवढीच लागते. उलट दोन मिनिटांचं काम चार मिनिटं रेंगाळलं, तर तेवढा वेळ ती खातच राहतात.

खरी उधळपट्टी टर्बोमध्ये, म्हणजे प्रोसेसर आपल्या मूळ वेगाच्या (‘बेस स्पीड’) वर धावतो तेव्हा होते. टर्बोत वेगाबरोबर व्होल्टेजही वाढतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. म्हणून ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’मध्ये ‘ऑन बॅटरी’समोर १०० ऐवजी फक्त ९९ टाका, बऱ्याच लॅपटॉपवर एवढ्यानंच टर्बो बंद होतो. ‘प्लग्ड इन’ मात्र १००च राहू द्या. ‘मिनिमम प्रोसेसर स्टेट’ ५ ठेवा. ते १०० राहिलं तर काम नसतानाही प्रोसेसरचा वेग खाली येत नाही. मग चार्जर काढून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये सीपीयू उघडा आणि एखादं जड काम लावा. ‘स्पीड’ हा ‘बेस स्पीड’च्या वर जात नसेल, तर जमलं.

नव्या लॅपटॉपवर हे पर्याय अनेकदा दिसतच नाहीत. तिथे प्लॅन ‘बॅलन्स्ड’ ठेवून सेटिंग्जमधल्या ‘पॉवर मोड’ला ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’ निवडा. सोलापूरहून हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाताना टायपिंग, एक्सेल करायला एवढं पुरतं.

सोलापुरात आणखी एक चूक फार होते, आणि ती सेटिंगमधली नाही. लॅपटॉप चादरीवर ठेवला जातो. आपली जाड चादर खालच्या जाळ्या झाकते, पंखा जोरात फिरून बॅटरी खातो, आणि तरी तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे असताना तर लगेच. खाली लाकडी पाट किंवा फळी घ्या. यंत्रमागाच्या आसपास राहत असाल तर कापसाची तूस पंख्याच्या मागच्या पत्र्यांत गच्च बसते. वर्षातून एकदा तरी साफ करून घ्या. ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’मधली ‘सिस्टिम कूलिंग पॉलिसी’ बॅटरीवर ‘पॅसिव्ह’ असेल, तर पंखा वाढण्याआधीच वेग कापला जातो. उन्हाळ्यात लॅपटॉप अडखळत असेल तर ती ‘अ‍ॅक्टिव्ह’ करून बघा. पंख्यापायी थोडी बॅटरी जाईल.

हे सगळं करूनही फरक पडला नाही, तर बॅटरीच तपासा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, एक जागा, स्लॅश आणि जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजीत टाइप करा. तयार झालेल्या अहवालात ‘फुल चार्ज कपॅसिटी’ ही ‘डिझाइन कपॅसिटी’च्या निम्म्यावर आली असेल, तर बॅटरी बदलायलाच हवी. टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा चार्जर लावू नका, लॅपटॉप बंद करून थेट दुरुस्तीला न्या.