हाताच्या साध्या साधनांनी रायफलची काडतुसं भरताय? या चुका टाळा

पितळी केस (बाहेरचं नळकांडं), प्राइमर (ठोका बसताच पेटणारी बुडातली टोपी), पावडर (जळून गोळी ढकलणारी दारू) आणि गोळी, एवढ्या चार वस्तूंचं काडतूस होतं. बार उडाल्यावर केस शाबूत राहते, ती पुन्हा भरता येते. कायद्याने परवाना लागत असेल तर तो आधी काढा. नवशिक्याला मी हातोडीने वापरायचा साधा संचच सुचवेन. काम हळू होतं, पण प्रत्येक केस दर टप्प्याला बोटांखालून जाते आणि बिघाड तिथेच कळतो.

सर्वांत जास्त जपायचं ते पावडरला. संचासोबत येणारा चमचा आकारमान मोजतो, वजन नाही. चमचा पावडरीत दाबून किंवा आपटून भरलात तर त्याच चमच्यात जास्त पावडर बसते. तो नुसता बुडवायचा, आपोआप भरू द्यायचा आणि वरची रास कार्डाने सपाट करायची. तरीही दर वेळी पहिली काही मापं काट्यावर तोलाच. काटा ०.१ ग्रेनपर्यंत दाखवणारा हवा, आणि तो ग्रेनवर आहे की ग्रॅमवर हे सुरुवातीलाच बघा. एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४३ ग्रेन असतात, त्यामुळे इथली गफलत लहान नसते.

वजनाचा आकडा छापील लोडिंग मॅन्युअलमधूनच घ्यायचा, तोही त्याच पावडरीचा आणि त्याच वजनाच्या गोळीचा. सुरुवात कमीत कमी आकड्यापासून. फक्त कमाल आकडा दिला असेल तर त्याच्या दहा टक्के खालून. मात्र दिलेल्या किमान आकड्याच्याही खाली स्वतःच्या मनाने जाऊ नका, काही पावडरींच्या बाबतीत तेही धोक्याचं असतं. टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवा. रायफलच्या केसमध्ये पिस्तुलाची जलद जळणारी पावडर गेली तर रायफल फुटू शकते, आणि नुसत्या दिसण्यावरून पावडर ओळखता येत नाही.

दुप्पट पावडर पडणं ही दुसरी भीती. रायफलच्या बऱ्याच मापांनी केस अर्ध्याहून जास्त भरते, त्यामुळे दुसरं माप बाहेर सांडतं. पण माप लहान असेल तर दोन्ही मुकाट्याने आत बसतात. म्हणून रिकाम्या केस तोंड खाली करून ठेवा, भरलेल्या तोंड वर करून. गोळी बसवण्याआधी टॉर्च धरून सगळ्यांत डोकवा, पातळी सारखी दिसली पाहिजे. पावडरच न पडलेली केसही तेव्हाच सापडते. तशा काडतुसात नुसत्या प्राइमरच्या जोराने गोळी नळीत अडकते. म्हणून बार दबका वाटला तर पुढचा उडवू नका. रायफल रिकामी करा आणि नळीतून आरपार दिसतंय का ते बघा.

‘बोल्ट (काडतुसामागून नळी बंद करणारा दांडा) बंद होत नाही’ ही तक्रार नेहमीची. हातोडीचा संच केसची फक्त मान, म्हणजे गोळी धरणारा तोंडाकडचा भाग, आवळतो. बाकीचं अंग ज्या रायफलमध्ये बार झाला तिच्या चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसायच्या जागेच्या, मापाचंच राहतं. दुसऱ्याच्या रायफलच्या केस तुमच्या रायफलमध्ये अडतात त्या यामुळे. जोर लावू नका. पूर्ण अंगाची डाय (केस दाबून मापात आणणारा साचा) वापरा, आणि अर्धस्वयंचलित रायफलला तर तीच लागते. केस लांबल्यानेही बोल्ट अडतो. .३०८ विंचेस्टरच्या केसची कमाल लांबी २.०१५ इंच. त्यापुढे गेलेली केस कापून २.००५ वर आणतात. लांब केसचं तोंड चेंबरच्या टोकाला चिमटलं जाऊन गोळी आवळतं आणि दाब वाढतो.

केसच्या बुडाजवळ, कडेच्या जरा वर, एखादी चकचकीत रेघ गोल फिरलेली दिसते का? पातळ तारेचं टोक वाकवून आत घाला आणि भिंतीवरून वर ओढा. त्या रेघेपाशी टोक खाचेत अडकलं तर पितळ आतून झिजलंय. ती केस पुढच्या बाराला दोन तुकडे होऊ शकते. ती चेपूनच टाका, म्हणजे चुकून पुन्हा भरली जाणार नाही.

जुना प्राइमर ठोकून काढताना पिन मोडते, कारण केस बर्डन पद्धतीची असते. आत टॉर्च मारा. बुडाला मधोमध एक भोक असेल तर ती बॉक्सर, तीच घ्या. बाजूला दोन असतील तर सोडून द्या. नवा प्राइमर हातोडीने बसवताना कधीकधी उडतो, म्हणून चष्मा हवाच, पावडरीचा डबा लांब हवा आणि ठोके हलके हवेत. बसल्यावर बुडावरून बोट फिरवा. प्राइमर किंचित आत जाणवला पाहिजे, वर आलेला चालणार नाही.

तयार काडतुसाची गोळी टेबलाच्या कडेला टेकवून अंगठ्याने दाबा. ती आत सरकली तर मान सैल आहे. दणक्याने गोळी आत गेली की दाब वाढतो, तेव्हा असं काडतूस वापरायचं नाही.

पहिल्या बारांनंतर बोल्ट जड उघडला, प्राइमर चपटा झाला किंवा बुडावर चकचकीत ठसा उमटला, तर तिथेच थांबा. उरलेली काडतुसं घरी आणून पुलरने गोळ्या काढा आणि पावडर कमी करून भरा.