स्वतःच्या पुस्तकाची छपाईची फाइल घरी कशी तयार करावी

हस्तलिखित टाइप करून झालं की आधी एक चाचणी करा. फाइल उघडा, सगळा मजकूर निवडा आणि त्याला कुठलाही युनिकोड फॉन्ट लावा (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांसाठी ठरलेली, सगळ्या संगणकांवर चालणारी संकेतपद्धत). अक्षरं मराठीच राहिली तर निम्मं काम वाचलं. रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसू लागली, तर टायपिस्टने श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारखा जुना फॉन्ट वापरलाय. मग तो मजकूर फॉन्ट कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा लागेल. मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा, ती लागतेच.

पुढचं सगळं लिबरऑफिस रायटरमध्ये होतं. ते फुकट आहे आणि दीडशे पानांच्या कादंबरीला किंवा आत्मचरित्राला पुरेसं आहे.

१. साफसफाई

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. ‘शोधा आणि बदला’ची खिडकी उघडून ‘रेग्युलर एक्स्प्रेशन्स’ची, म्हणजे चिन्हांनी नमुना सांगून शोधण्याची, खूण करा. शोधायच्या चौकटीत ^$ टाका, बदलायची चौकट रिकामी ठेवा: ओळ सोडण्यासाठी मारलेले रिकामे परिच्छेद एका फटक्यात जातात. मग दोन स्पेस शोधून त्यांची एक करा, आणि बदल शून्य होईपर्यंत तेच पुन्हा करा. प्रश्नचिन्हाआधी किंवा स्वल्पविरामाआधी जागा सोडायची अनेकांना सवय असते, तीही याच खिडकीतून काढा.

आता खास मराठी दुखणी. पहिलं विसर्गाचं. विसर्गाच्या जागी सर्रास कोलन टाइप केलेला असतो: दु:ख, अंत:करण. पडद्यावर फरक कळत नाही, छापल्यावर ओळ फाटल्यासारखी दिसते. :[क-ह] शोधा, म्हणजे लगेच व्यंजन येणारे कोलन सापडतील; एकेका कोलनच्या जागी विसर्ग (ः) घाला. ‘स्वत:’, ‘विशेषत:’, ‘साधारणत:’ यांच्यापुढे मात्र जागा असते, म्हणून त्यांच्यासाठी नुसतं त: वेगळं शोधा.

दुसरं दुखणं ऱ्याचं. जुन्या फॉन्टमधून आलेल्या मजकुरात ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ आणि ‘पायऱ्या’चं ‘पायर्या’ झालेलं असतं. एका नातेवाइकांच्या प्रवचनसंग्रहाचं काम करताना मी उत्साहाच्या भरात ‘र्या’च्या जागी ‘ऱ्या’ घातलं आणि ‘सगळे बदला’ दाबलं. दुसऱ्या दिवशी वाचायला बसलो तर, ‘आचाऱ्यांनी शिष्यांना जवळ बोलावलं’. स्वयंपाकघरातून थेट उपदेश! सूर्यास्त, कार्यालय, पर्याय, सगळ्यांचीच तीच गत झाली होती. तेव्हापासून ‘र्या’ एकेक करून बघतो. दीडशे पानांना तासभर लागतो, लागू दे.

२. स्टाइल लावा

मथळा निवडून ठळक करणं, फॉन्ट मोठा करणं, एंटर मारत पुढच्या पानावर ढकलणं, हे सगळं विसरा. प्रकरणाच्या प्रत्येक नावाला ‘हेडिंग १’ द्या आणि बाकी मजकुराला ‘बॉडी टेक्स्ट’. परिच्छेदाच्या पहिल्या ओळीची खाच टॅब दाबून नको, स्टाइलमध्येच पाच मिलिमीटर लिहा. ‘हेडिंग १’च्या ‘टेक्स्ट फ्लो’मध्ये ‘आधी नवं पान’ ठरवलं की सगळी प्रकरणं आपोआप नव्या पानावर जातात. अनुक्रमणिकाही याच मथळ्यांवरून तयार होते. मजकूर बदलला की तिच्यावर राइट क्लिक करून ‘अपडेट’ करा. हाताने पान क्रमांक टाइप केलेली अनुक्रमणिका शेवटच्या दुरुस्तीनंतर चुकतेच.

फॉन्ट निवडताना लक्षात ठेवा, की स्टाइलमध्ये फॉन्टचे दोन कप्पे असतात. देवनागरी ‘कॉम्प्लेक्स’ कप्प्यातून चालते. ‘वेस्टर्न’मध्ये आकार कितीही बदललात तरी मराठी अक्षर हलत नाही. तिथेच भाषा ‘मराठी’ निवडा. ती ‘हिंदी’ राहिली, तर काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. मुंबईच्या आयआयटीचा ‘शोभिका’ किंवा ‘तिरो देवनागरी मराठी’ हे दोन्ही मोफत आहेत आणि लांब वाचनाला डोळ्यांना जड जात नाहीत. आकार १२ पॉइंट, ओळींमधलं अंतर सुमारे दीडपट. वेलांट्या आणि उकारांना वर-खाली जागा लागते.

३. पान

कथा-कादंबऱ्या बहुधा डेमी आकारात निघतात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. ‘पेज स्टाइल’मध्ये हे माप घाला आणि मांडणी ‘मिरर्ड’ करा. त्यामुळे डाव्या-उजव्या पानांचे समास एकमेकांचं प्रतिबिंब होतात. आतला समास २० मिलिमीटर, बाहेरचा १५ ठेवा. दोन्ही कडा सरळ केल्यावर लांब जोडशब्दांमुळे एखाद्या ओळीत मोठाल्या फटी पडतात. तिथे वाक्यच थोडं बदला. लेखक तुम्हीच आहात, कुणाची परवानगी काढायची नाही.

ऑफसेटवर छापणार असाल तर पानांची बेरीज १६ च्या पटीत आणा. डेमीचा फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा, १६ पानांचा असतो. १४४ पानं म्हणजे नऊ फर्मे, १६० म्हणजे दहा. १४७ पानं झाली तर शेवटच्या फर्म्यात १३ कोरी पानं जातील. त्यापेक्षा ओळींमधलं अंतर किंचित कमी करून तीन पानं वाचवा. मागणीनुसार डिजिटल छपाई करणार असाल तर हा हिशेब सोडून द्या.

४. प्रेसला काय द्यायचं

फक्त पीडीएफ. मूळ फाइल दिली आणि तिकडे तो फॉन्ट नसला, तर जोडाक्षरं तुटतात. फोटो ३०० डीपीआयचे (एका इंचात ३०० ठिपके) हवेत. मुखपृष्ठाची फाइल वेगळी असते आणि तिच्यासाठी कण्याची, म्हणजे पुस्तकाच्या पाठीच्या पट्टीची, जाडी लागते. प्रेसकडून कागदाची जाडी विचारा आणि पानांच्या निम्म्याने गुणा. कागद ०.१ मिलिमीटर असेल तर १६० पानांचा कणा आठ मिलिमीटर. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनाशुल्क मिळतो. त्याचा अर्ज आधीच करा, नाहीतर श्रेयांच्या पानावर ती जागा मोकळी ठेवून बसावं लागतं.

शेवटी एकच प्रत डिजिटलवर छापून, बांधून घ्या. ती बरोबर मध्यावर उघडा आणि दोन्ही हात न लावता टेबलावर ठेवा. आतल्या बाजूची अक्षरं बांधणीत गडप होत असतील, तर समास आणखी तीन मिलिमीटर वाढवा, अनुक्रमणिका पुन्हा अपडेट करा आणि पानं परत मोजा.